आडनावातलं गाव कसं शोधावं : नवशिक्या इंदूरकरांसाठी

इंदूरच्या मराठी माणसाला मूळ गाव शोधायची लहर बहुधा घरात लग्न ठरताना येते. पुण्याकडचे पाहुणे रामबागेतल्या घरी बसलेले असतात. पोह्यांवर शेव आणि जिरावण पाहून ते क्षणभर थबकतात, सावरतात, आणि विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" तुम्ही म्हणता, इंदूरचे. "हो, ते आलंच. पण मूळचे?" इथे तुमचे वडील छताकडे पाहतात, काका 'कोकणातले' आणि आत्या 'देशावरचे' असं एकाच वेळी सांगून मोकळे होतात. ही वेळ ज्यांच्यावर येणार आहे, म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांवर, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

साहित्य : एक आडनाव (शेवटी 'कर' असल्यास काम सोपं वाटतं, सोपं असतं असं नाही), कुलदैवताचं नाव, मोबाईलवरचा नकाशा आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई. मोठे काका साहित्यात धरू नयेत. ते उत्साहाने माहिती देतात आणि त्या माहितीत पानिपत असतंच.

आधी 'कर' खरा आहे का ते पाहा

प्रभाकर, भास्कर, दिवाकर, रत्नाकर या मंडळींनी ही पायरी गाळून खाली किबे आणि द्रविड यांच्याजवळ येऊन थांबावं. त्यांचा 'कर' संस्कृतातून आलेला आहे, एसटीतून नाही. 'भास्कर'मधला 'कर' कापून उरलेलं 'भास' नकाशावर टाकलंत तर जे सापडेल तो भासच.

पहिला धडा होळकरांवर गिरवा

राजवाडा समोरच आहे, तेव्हा सराव तिथूनच करू. मल्हारराव १६९३ साली नीरेकाठच्या होळ या गावी जन्मले. वडील लवकर गेले आणि आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला, भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे आली. इथे नवशिक्याने पेन्सिल घेऊन एक खूण करावी, कारण विषयाची किल्ली इथे आहे. होळमध्ये राहणाऱ्याला होळकर म्हणून काय कळणार? तिथे सगळेच होळचे. तिथे माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, कामावरून, किंवा लहानपणी झाडावरून पडल्याच्या आठवणीवरून. 'होळचा' ही ओळख उपयोगाची होते ती तळोद्यात, पुण्यात, माळव्यात. 'कर' आडनाव तुमचे पूर्वज कुठे राहत होते त्यापेक्षा ते कुठून निघाले हे सांगतं, आणि सांगायचं काम बहुतेक वेळा जिथे पोचले तिथल्या लोकांनी केलेलं असतं. ज्याच्या आडनावात गाव आहे त्याच्या घराण्यात कोणीतरी एकदा ते गाव सोडलेलं आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं. बाकी सगळं मोठ्या काकांचं.

तुलनेसाठी शेजारी पाहा. ग्वाल्हेरचे शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. गाव त्यांनीही सोडलं, तरी ते शिंदेच राहिले. धार आणि देवासचे पवार पवारच राहिले. माळवा वाटून घेणाऱ्या या मराठी सरदारांत आपलं खेडं आडनावात बांधून आणलं ते एका होळकरांनी. म्हणून आज होळ हे नाव इंदुरात दिवसातून हजार वेळा घेतलं जातं. १८९१ साली निघालेल्या होळकर कॉलेजात मुलं प्रवेश घेतात, होळकर स्टेडियमवर षटकार बसतात, आणि रिक्षावाल्याला 'भिया, होलकर कॉलेज' म्हटलं की तो मीटर न पाडता निघतो. नीरेकाठचं एक गाव इथे कोणाच्या ध्यानीमनी नसताना सगळ्यांच्या तोंडी आहे.

'होलकर' असंच म्हणतो तो, आणि त्याचं चूक नाही. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ चालत नाही. नवशिक्याने याची नोंद घ्यावी, कारण तीन-चार पिढ्या हिंदी शाळेत गेलेल्या आडनावाचा ळ कधीच ल झालेला असतो, आणि नंतर रोमन लिपीत गेल्यावर तर कोणता ल, कोणता ळ हे देवच जाणे. शोध घेताना आडनावातला प्रत्येक ल संशयित धरावा.

गावाचं नाव जसंच्या तसं मिळेल अशी आशा धरू नका

चिपळूणचे चिपळूणकर, जुन्नरचे जुन्नरकर, पैठणचे पैठणकर हे पहिलीतले धडे. त्यांत मन रमवू नये. खरी गंमत कोकणात आणि गोव्यात, जिथे 'कर' लागताना गावाचा शेवट चेपतो, वळतो किंवा गळून पडतो. तेंडोलीचे तेंडुलकर होतात. गोळवलीचे गोळवलकर. पर्रा गावचे पर्रीकर, तिथे आकाराचा ईकार कसा झाला हे पर्रा गावालाच विचारावं. शिरोड्याचे शिरोडकर, बांदोड्याचे बांदोडकर, काकोड्याचे काकोडकर.

काकोडकरांपाशी जरा थांबा. ते आपल्या अंगणातले आहेत. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर १९४३ साली जन्मले ते बडवानीला, म्हणजे इंदूरपासून निमाडाकडे उतरलं की लागणाऱ्या गावात. आडनाव गोव्याच्या दक्षिणेतलं, जन्म नर्मदेकाठच्या मुलखातला. नवशिक्याला हे विचित्र वाटलं तर त्याने होळकरांचा धडा पुन्हा वाचावा. विचित्र काही नाही, हेच या आडनावांचं काम आहे.

आडनाव निवडताही येतं, हे विसरू नका

नवशिके समजतात की आडनाव रक्तातून येतं. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मल्या, हे इंदुरात लहान मूलही सांगेल, आणि नाही सांगितलं तर शेजारची काकू सांगेल. पण त्यांच्या वडिलांच्या वडिलांचं आडनाव मंगेशकर नव्हतं. दीनानाथांचे वडील गोव्यातल्या मंगेशी गावच्या देवळाचे पुजारी, आडनाव हर्डीकर. दीनानाथांनी आपल्या नावापुढे गाव घेतलं. आता बारकावा पाहा : गावाचं नाव देवावरून, आडनाव गावावरून, आणि ते आडनाव गळ्यातून जगभर गेलेल्या मुलीचा जन्म माळव्यात. त्याच मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. त्यांच्या घराने आडनाव घेतलं ते देवाला होणाऱ्या अभिषेकावरून. एकच देऊळ, एका घरात जागेचं आडनाव, दुसऱ्या घरात कामाचं. तेव्हा मंगेशी गावाच्या नावावरून तिथल्या सगळ्यांची आडनावं ताडू पाहणाऱ्याने तिथेच हात टेकावेत.

सरदारांच्या बाबतीत आणखी एक फसवी वाट आहे. विंचूरकर म्हणजे नाशिककडच्या विंचूरचे, हे बरोबर. पण विंचूर हे त्यांनी सोडलेलं गाव नव्हे, मिळालेलं गाव. पेशवाईतले विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी, विंचूर त्यांच्या जहागिरीत आलं आणि दाण्यांचे विंचूरकर झाले. म्हणजे एका 'कर'मागे गाव सोडून निघालेला पोरका मुलगा असू शकतो आणि दुसऱ्या 'कर'मागे गाव मिळवून बसलेला जहागीरदार. कागद पाहिल्याशिवाय दोन्ही सारखेच दिसतात. जहागीरदार निघावा अशी इच्छा सगळ्यांचीच असते. निघतात बहुतेक निघून गेलेले.

गाव सापडलं? थांबा. दुसरंही सापडेल

इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले, हुसेनही शिकले. आता समजा तुमचंही आडनाव देवळालीकर आहे. नवशिका ताबडतोब नाशिकजवळची देवळाली धरतो, कारण तिथे रेल्वे थांबते. पण राहुरी तालुक्यात प्रवरेच्या बाजूला दुसरी देवळाली आहे, देवळाली प्रवरा. तुमच्या पूर्वजांनी कोणती सोडली? रेल्वे आली तेव्हा त्यांनी आधीच सोडलेली होती, त्यामुळे स्टेशन पुरावा म्हणून चालत नाही.

वडगावकर, पिंपळगावकर, नवेगावकर यांना तर माझी मनापासून सहानुभूती. महाराष्ट्रात वडाचं झाड आणि त्याभोवती चार घरं एवढ्यावर गाव वसलेलं आहे, आणि झाडं काही थोडी नव्हती. इंग्रजांचीही हीच रड आहे. त्यांच्याकडे वाडी किंवा शेतवस्ती या अर्थाचा 'टन' जागोजाग आहे. नव्या वाडीला ते न्यूटन म्हणत आणि अशी न्यूटन नावाची गावं इंग्लंडभर विखुरलेली आहेत. गुरुत्वाकर्षण शोधणाऱ्याचे पूर्वज त्यांतल्या कोणत्या नव्या वाडीचे, याचा निकाल नुसत्या आडनावावरून लागायचा नाही. सफरचंद मात्र वुल्सथॉर्पला पडलं, आणि तेही गावच.

सगळ्यांत अवघड परीक्षा इंदूरकर आडनावाची. भेटलेला प्रत्येक इंदूरकर आपला म्हणून त्याला कचोरी खाऊ घालू नये. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात इंदोरी आहे. कीर्तनकार निवृत्ती महाराज देशमुख तिथले, म्हणून त्यांना इंदुरीकर म्हणतात. मावळात तळेगाव दाभाड्याजवळ आणखी एक इंदोरी, किल्ल्यासकट. तेलंगणातल्या निजामाबादचं जुनं नावही इंदूरच. तेव्हा माणूस इंदूरकर असेल तर आधी सराफ्यात रात्री किती वाजता दुकानं लागतात हे विचारावं. दिवसा तिथे सोनंचांदी असते आणि रात्री खाणं, हे ज्याला सांगावं लागतं तो दुसऱ्या इंदूरचा.

शेजाऱ्यांची आडनावंही चाळून पाहा

यासाठी सियागंज, इतवारिया आणि सराफा या मार्गाने एक फेरी पुरे. काचमंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद कासलीवाल. कासली हे राजस्थानातलं गाव. खंडेलवाल खंडेल्याचे, अग्रवाल अग्रोह्याचे, ओसवाल ओसियांचे. बोहरी दुकानांच्या पाट्या वाचा : रतलामवाला, रामपुरावाला. हे 'वाल' आणि 'वाला' आपल्या 'कर'चेच गाववाले. पण कासली आणि खंडेला ही गावं शतकांपूर्वी सुटलेली, आणि रतलामवाला गाडीने दोन-अडीच तासांत रतलामला पोचून, जेवून परत येऊ शकतो. सगळेच गाव-आडनावी आहेत असंही मानू नका. सिंधी बाजारात 'आनी'वर संपणारी पाटी दिसली तर तिथे गाव शोधायचं नसतं, तिथे कोणा एका पूर्वजाचं नाव दडलेलं असतं.

साहेबालाही यातून सोडू नये. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला क्षिप्रेकाठी होळकरांची फौज हरली, १८१८च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर इंदूर राजधानी झालं. समोरच्या फौजेचा सेनापती सर टॉमस हिस्लॉप. हिस्लॉप म्हणजे हेझलच्या झाडांची दरी. एका बाजूला नीरेकाठचं होळ, दुसऱ्या बाजूला इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेकडची कुठलीतरी झाडांनी भरलेली दरी, आणि लढाई उज्जैनजवळ. दोघांपैकी कोणीही आपल्या आडनावाच्या गावापासून इतक्या लांब येऊन भांडायची खरंतर गरज नव्हती, पण ही आडनावं घरी बसणाऱ्यांची नसतात हे आपण वर पाहिलंच.

ज्यांना 'कर' नाही

खचू नये. किब्यांना 'कर' नाही आणि त्यांचं इंदुरात काही अडलं नाही. कोल्हापूरचे कोल्हापुरे होतात तेव्हा 'कर' न लावताही गाव आत असतं, नागपुरे तसेच. काही आडनावांत गाव नसून सगळा प्रांत असतो. राहुल द्रविड १९७३ साली इंदूरला जन्मला. द्रविड म्हणजे दक्षिणेकडून आलेले, आणि असं म्हणायची गरज उत्तरेकडच्या मराठी मुलखात पडली, कारण दक्षिणेत कोण कोणाला दक्षिणेकडचा म्हणणार? मग हा मुलगा बंगळूरला वाढला. आडनाव पिढ्यानपिढ्या जिथून निघाल्याचं सांगत होतं तिकडेच त्याला घेऊन गेलं, आणि तिथे पोचल्यावर ते कोणालाच काही सांगेनासं झालं.

पडताळा

गावाचा उमेदवार नक्की झाला की कुलदैवत विचारा. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, होळपासून जेजुरी जवळ, हिशेब जुळतो. तुमचं आडनाव कोकणातलं आणि कुलदेवी मराठवाड्यातली निघाली तर दोहोंपैकी एक नंतर जोडलेलं आहे. आडनाव बदलायला माणसं सहज तयार होतात. देवी बदलायला घरातल्या बायका सहसा तयार होत नाहीत. म्हणून भांडण लागल्यास देवीचं खरं धरा.

त्यानंतर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्यांच्या चोपड्या असतात. कोणत्या साली घरातलं कोण आलं, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, सगळं पूर्वजांच्या हातचं. आपलं घराणं कोणत्या उपाध्यायांकडे आहे हे आधी कळावं लागतं, आणि ते ठरतं बहुधा आडनाव आणि मूळ गाव यांवरून. म्हणजे मूळ गाव शोधायला जिथे जायचं तिथे पहिला प्रश्न मूळ गावाचाच होतो. नवशिक्याने रागावू नये. जी शंका असेल ती दोन-तीन गावं सांगावीत, दक्षिणा ठेवावी आणि बसून राहावं. चोपडीत पणजोबांची सही मोडीत निघाली तर ती आपल्याला वाचता येणार नाही, याचीही तयारी असावी.

घरातल्या म्हाताऱ्या बाईला मी साहित्यात धरलं होतं ते इथे वापरा. तिला थेट 'आपलं गाव कोणतं' विचारू नये. ती 'इंदूर' म्हणेल, कारण तिला लग्न होऊन इथे येऊन साठ वर्षं झाली. तिला विचारावं की सासूबाई दिवाळीत कोणत्या गावच्या माणसांना नावं ठेवायच्या. गाव तिथे निघतं.

उलटा प्रवास

हा भाग पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आडनाव गावातून निघतं तसं पुन्हा गावावर जाऊन बसतंही. बाराव्या शतकात विल्यम डी हार्टबर्न नावाच्या इंग्रज सरदाराने उत्तर इंग्लंडमधलं वॉशिंग्टन हे ठाणं घेतलं आणि हार्टबर्नचा वॉशिंग्टन झाला. सहाशे वर्षांनी त्याच्या वंशातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि नव्या राजधानीला त्याचं नाव मिळालं. मूळ वॉशिंग्टन अजून जागेवर आहे. तिथल्या माणसाला परगावी आपण कोणत्या वॉशिंग्टनचे हे सांगावं लागत असणार.

यासाठी अमेरिकेला जायला नको. इंदुरातून पंचवीसेक किलोमीटरवर महू. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगडजवळचं आंबडवे हे सकपाळ घराण्याचं गाव. रामजी सकपाळ सैन्याच्या नोकरीत महूला होते आणि तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. गावावरून आंबडवेकर, आणि ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत प्रवेश झाला तेव्हा नाव लागलं ते आंबेडकर. शाळेतल्या आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी ते दिलं असं चरित्रकार सांगतात. मुलगा राज्यघटना लिहिणाऱ्यांत अग्रभागी राहिला. आणि २००३ साली महूचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. कोकणातलं एक खेडं आडनावात चढून माळव्यातल्या छावणीच्या गावावर येऊन बसलं. आंबडवे आणि महू यांच्यामध्ये सगळा घाट, सगळा देश, नर्मदा आणि विंध्य आडवे आहेत.

आता गृहपाठ. महूत वाढलेला एक मराठी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथेच राहिला, आणि आपल्या नियमाप्रमाणे त्याला गावावरून आडनाव लागायचं आहे. नियमाने तो आंबेडकरनगरकर व्हायला हवा, एकाच आडनावात दोन 'कर', एक आंबडवे सोडल्याचा आणि एक महू सोडल्याचा. उत्तर लिहिण्याआधी रेल्वेच्या तिकिटावर काय छापलेलं असतं आणि त्याच्या हिंजवडीच्या खोलीतले दोस्त त्याला काय हाक मारतात, ते दोन्ही तपासा. तिकिटावर डॉ. आंबेडकर नगर आहे. दोस्त म्हणतात, "ए इंदोरी."